चौसष्ट अक्षरांचे माननीय

सदर कर्मचारी, नामे कु. अयोध्या कोंडीराम ओव्हाळ, राहणार हाडोळा, तालुका भूम, ही माळभूमी सहकारी साखर कारखान्याच्या शेती विभागात टंकलेखक तथा संगणक चालक या पदावर तात्पुरत्या स्वरूपात कार्यरत आहे. शिक्षण बी.कॉम., इंग्रजी टंकलेखन चाळीस. वर्ण सावळा, दृष्टी दोषरहित. कामात तत्पर. बोलण्यात उर्मट. उर्मटपणाचे कारण चौकशीत आढळून आले नाही.

चौकशी नीट झाली असती तर आढळलं असतं. ते कारण कारखान्याच्या आवारातच, एका थंड खोलीत, टेबलावर ठेवलेलं होतं आणि त्याच्या गळ्यात झेंडूचा हार होता.

१९८७ साल. पावसानं लागोपाठ दगा दिलेला. भूम तालुक्यात माणसं टँकरची वाट बघत होती आणि कारखान्यात कॉम्प्युटर आला होता. त्याला उष्मा सोसत नाही असं सोलापूरच्या कंपनीनं बजावल्यामुळं त्याच्या खोलीला कूलर बसवला होता. कूलरला रोज दोन घागरी पाणी लागायचं. ते शिपायाकडून वेळेवर यायचं. हाडोळ्याचा टँकर मात्र आज येतो, उद्या येतो असं करत आठवड्यातून कधीतरी यायचा. अयोध्या सकाळी वस्तीवरून रिकामी घागर बघून निघायची आणि कारखान्यात येऊन गार वाऱ्यात बसायची. पगार घेऊन असं बसणं बऱ्याच जणांना जमतं. तिला जमत नव्हतं.

कॉम्प्युटर आणला होता तो ऊसतोडीच्या पाळीसाठी. कुणाचा ऊस आधी तोडायचा यावरून दर हंगामात डोकी फुटायची. नियम साधा होता, ज्याची लागण आधी त्याची तोड आधी. नियम साधा असला की तो पाळायला माणसं कमी पडतात, म्हणून यंत्र. चेअरमन आबाराव यांनी उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं होतं, "ह्या यंत्राला जात न्हाय, पात न्हाय, सोयरंधायरं न्हाय. ते म्हणंल त्यो नंबर." टाळ्या पडल्या. भाषणानंतर आबारावांनी यंत्राला हात जोडले, आणि यंत्रानं पडद्यावर दोन समया, एक कमान आणि आबारावांचं नाव दाखवून परतफेड केली.

पहिल्या यादीत हाडोळा नव्हता.

हाडोळा म्हणजे नदीपलीकडची वस्ती. जुनी वतनाची जमीन, लहान लहान तुकडे, बहुतेक घरं बौद्धांची, बाकी धनगरांची दोन-चार. तिथला ऊस सगळा मिळून बावीस एकर. त्यातला एक एकर अयोध्याच्या आईचा, कडूबाईचा. नवरा गेल्यावर तिनं तो एकटीनं लावला होता. विहिरीनं तळ गाठल्यावर झऱ्याला येईल तेवढं पाणी दिवसाआड सोडून तिनं तो उभा ठेवला होता. त्याला जानेवारीच्या आत कोयता लागला तर ऊस म्हणायचा. उन्हाळा लागला की सरपण.

वस्तीची नावं अयोध्यानं स्वतःच्या हातानं यंत्रात भरली होती. शेवटी भरली, कारण हाडोळ्याच्या नोंदी आणणाऱ्या बाबूला नदीतली वाळू सायकलवरून ओलांडायचा कंटाळा यायचा. तरीही भरली होती. मग गेली कुठं?

ती चेअरमनच्या केबिनमध्ये गेली.

"साहेब, यादीत हाडोळा न्हाय."

"उर्वरितमधी घेतलाय की. हातानं लिहू खाली."

"उर्वरित म्हंजी कवा?"

"एप्रिल धर. मे धर."

"मे महिन्यात तिथं टोळी पाठवू नका, साहेब. काडेपेटी पाठवा."

आबारावांनी चष्मा काढला. "पोरी, मशीनमधी बसत न्हाय त्याला म्या काय करू? मशीन का माझा मेव्हणा हाय?"

ते नव्हतं. पण यादीत पहिल्या पानावर मेव्हणेही होते.

कंपनीचा माणूस बसवराज दर पंधरवड्याला सोलापूरहून येष्टीनं येऊन मशीनची धूळ पुसून जायचा. अयोध्यानं त्याला दारातच धरलं.

"वस्ती कुठाय माझी?"

"डिस्कवर हाय की बगा, ताई. जाती कुठं?"

"मग यादीत का येत न्हाय?"

बसवराज गुणी माणूस होता, विचारलं की खरं सांगायचा. त्यानं तिला खळ्याचं उदाहरण दिलं. धान्य कोठीत कितीही असू दे, निवडायचं तर ते खळ्यावर पसरावं लागतं. डिस्क म्हणजे कोठी, मेमरी म्हणजे खळं. आपला प्रोग्राम सगळी नावं एकदम खळ्यावर पसरतो आणि मग तारखेप्रमाणं लावतो. खळं सहाशे चाळीस किलोबाइटचं. त्याच्यापुढं ह्या मशीनला बघताच येत नाही, वर आणखी मेमरी आणून ठेवली तरी. खळं भरलं की जे बाहेर राहिलं ते राहिलं.

"मग खळ्यावर आधीच काय काय पडलंय ते सांगा."

बसवराजनं बोटं मोजली. सगळ्यात आधी डॉस, म्हणजे मशीन चालवणारी व्यवस्था. त्याशिवाय काहीच चालत नाही. मग प्रिंटरचं. मग स्वागताचं.

"कसल्या स्वागताचं?"

"त्या समया, कमान. ते दाखवून जात नसतंय, ताई. कोपऱ्यात घड्याळ आणि साहेबांचं नाव दिवसभर दिसतंय न्हवं? ते मेमरीत मुक्कामालाच असतंय. काम काही करीत नाही, जागा बी सोडत नाही."

"ते काढून टाका."

"काढू कसं? ते बसवायला बोर्डाचा ठराव झालाय. काढायला बी ठरावच पायजे." बसवराजनं पिशवी उचलली. जाता जाता एवढं मात्र म्हणाला, "नावाचा रकाना बी लई रुंद हाय. पण त्यो तर साहेबांच्या मापानं शिवलाय."

त्या रकान्याची हकीकत अशी. प्रोग्राम बनवताना बसवराजनं विचारलं होतं, नावाला किती अक्षरं धरू? शेती अधिकाऱ्यानं सर्वांत लांब नाव शोधलं. ते अर्थात आबारावांचं होतं. माननीय, श्रीमान, माजी सभापती, विद्यमान अध्यक्ष, आणि मग नाव, वडिलांचं नाव, आडनाव. इंग्रजी लिपीत, जागा वाचवून, चौसष्ट अक्षरं. संचालकांनीही आपापल्या पदव्या लिहून पाठवल्या, कुणाच्या साठ, कुणाच्या पंचावन्न. आणि यंत्राचा कायदा असा की एकाला चौसष्ट दिली की सगळ्यांना चौसष्ट. कडूबाईच्या नावाला बावीस अक्षरं लागत होती. उरलेल्या बेचाळीस जागांवर यंत्र कोरी जागा भरून ठेवत होतं. साडेचार हजार सभासद, प्रत्येकाच्या मागं आबारावांच्या पदव्यांएवढा मोकळा पट्टा. सहकारात याला समानता म्हणतात.

हाडोळ्याला खळ्यावर जागा नव्हती ती या मोकळ्या पट्ट्यांमुळं. हे समजल्यावर अयोध्या घरी जाऊन आईला म्हणाली, "आपला ऊस काय जास्त न्हाय झाला. त्यांची नावं लांब झाली."

कडूबाईनं पाचट सोलता सोलता विचारलं, "मंग कमी कर की."

"माझ्या बापाचा कारखाना हाय का?"

"शेअर तर तुझ्या बापाच्या नावानं हाय."

पुढच्या मंगळवारी संचालक मंडळ दोन जीपा करून तुळजापूरला गेलं. पाऊस पडावा म्हणून अभिषेक होता. आवार रिकामं झालं. अयोध्यानं मशीन चालू केलं. समया पेटल्या, कमान आली, कोपऱ्यात आबाराव बसले. मशीन उठलं की काय काय करायचं, हे एका छोट्या फाइलीत ओळीनं लिहिलेलं असायचं. तिनं त्यातली स्वागताची ओळ काढली आणि मशीन बंद करून परत लावलं. पडदा काळा. एका कोपऱ्यात नुसतं लुकलुकणारं पांढरं चिन्ह, हुकमाची वाट बघणारं. ते बघून आपल्याला पहिल्यांदा त्या खोलीत बरं वाटलं, असं ती नंतर सांगायची.

यादी लावून बघितली. एक तांडा नव्यानं आत आला. हाडोळा अजून बाहेरच.

मग तिनं रकान्याला हात घातला. रुंदीचा आकडा दुसऱ्या एका फाइलीत होता. चौसष्ट खोडून किती लिहावं, याला तिच्यापाशी एकच माप होतं. कडूबाई कोंडीराम ओव्हाळ, बावीस. वर दोन सुटसुटीतपणासाठी. चोवीस.

खळं निम्मं रिकामं झालं. यंत्रानं सगळी नावं पसरली, तारखेप्रमाणं लावली आणि हाडोळा आपापल्या जागी येऊन बसला, कुणी बाराव्या नंबरला, कुणी पन्नासाव्या. कडूबाई बासष्टावी. भोकांच्या लांब कागदावर यादी छापून निघाली. शेती अधिकाऱ्यानं न वाचता सही केली, कारण यंत्राचं काय वाचायचं. दुसऱ्या दिवशी ती फाटकावर लागली.

चूक इथं झाली, आणि ती अयोध्याचीच. चोवीसच्या पुढची अक्षरं यंत्र छाटून टाकतं. हाडोळ्यात माणसाच्या नावाआधी काही लावत नाहीत. नाव पहिलं येतं, मागचं छाटलं तर फार तर आडनावाची शेपटी जाईल, असं तिनं धरलं होतं. नावाच्या आधी चोवीस अक्षरं भरून दुसरंच काही असू शकतं, हे त्या घाईत तिच्या डोक्यातच आलं नाही. छाटणीनंतर आबारावांचं उरलं ते माननीय, श्रीमान, माजी आणि पुढं अर्धवट सभा. नाव नाही. संचालकांचंही तेच. पहिल्या पानावर अकरा माननीय, एकाच गावचे, एकालाही नाव नाही.

टोळीचा मुकादम पिराजी बीडकडचा. त्याला इथलं कोण कुणाचं काय, हे ठाऊक नव्हतं. त्यानं फाटकावर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली.

"ह्यो माजी सभापती कोंचा?"

"गावात तीन हायती," वॉचमन म्हणाला.

"आन् हा खालचा माननीय?"

"ते तर सगळेच."

"मंग तिघांच्या बांधावर जाऊन इचारीत बसू? टोळी काय माननीय म्हनून पोट भरनार हाय?" पिराजीनं बोट खाली सरकवलं, जिथं माणसांची नावं सुरू होत होती तिथं थांबवलं. गाड्या नदीपलीकडं वळल्या.

तोड तीन दिवस चालली. वस्तीवर त्या तीन दिवसांत टँकर आला नाही, पण कुणी कुरकुर केली नाही. कडूबाईनं बांधावर टोळीच्या बायकांसाठी चुलीला दगड मांडून ठेवले. चौथ्या दिवशी तिची पाळी होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आबारावांनी यादी वाचली.

"हे काय केलंस?"

"जागा केली."

"माझं नाव कुठाय?"

"तुमचं नाव लई मागं व्हतं, साहेब. पुढं सगळी पदंच व्हती."

हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, नुसतं घडलं ते सांगितलं होतं. पण केबिनमध्ये शेती अधिकारी हसू दाबायला खोकला, आणि तो खोकला चौकशीत तिच्या नावावर लागला. त्याच रात्री बसवराजला तार गेली. रकाना पुन्हा चौसष्टचा झाला, समया पुन्हा पेटल्या, टोळी परत बोलावली. पिराजीला प्रत्येक माननीयाच्या बांधावर माणूस उभा करून दिला.

भूमच्या बाजारात मात्र गोष्ट वेगळीच पसरली. पोरीनं मुद्दाम साहेबांचं नाव उडवलं, काय छाती म्हणायची, अशी. लोक तिला चहा पाजू लागले. ती चहा न पिता उठायची.

"मुद्दाम केलं असतं तर पुढून कापलं असतं," ती म्हणायची. "पदं गेली असती, नावं ऱ्हायली असती. त्यांना आठवडाभर पत्ता लागला नसता. चार दिवस. मला फकस्त चार दिवस पायजे व्हते." आणि एखादा तरीही कौतुक करत राहिला तर, "हसताय काय? आईचा ऊस उभा हाय तिकडं."

चौकशीत तिला लेखी माफी मागायला सांगितलं. तिनं लिहून दिलं की चूक झाली, नावं मागून छाटायला नको होती. ते माफीत बसत नाही असा शेरा पडला आणि तिला वजनकाट्यावर पावत्या फाडायला पाठवलं. तिथं कूलर नव्हता. ऊस घेऊन येणारी प्रत्येक गाडी तिच्यासमोरून जायची, आणि कुठल्या गावची ते तिला पावतीवर लिहावं लागायचं. हंगाम संपेपर्यंत तिनं हाडोळा हे नाव लिहिलं नाही.

त्या वर्षीच्या अहवालात छापलं आहे: "संचालक मंडळाच्या दूरदृष्टीमुळे संगणकाच्या क्षमतेचा पूर्ण वापर होऊन कार्यक्षेत्रातील सर्व गावे, वाड्या व वस्त्या यांचा ऊसतोड कार्यक्रमात समावेश करण्यात आला."

हाडोळ्यातल्या बावीस एकरांपैकी नऊ एकर तुटला. कडूबाईचा एकर एप्रिलमध्ये चारा छावणीतल्या जनावरांनी खाल्ला.