बारशाआधीची नोंद
वाळत घातलेल्या मोहफुलांचा गोडसर, आंबूस वास आला की मला ब्रह्मपुरीच्या पुढचं जंगलातलं ते गाव आठवतं. नवजात बाळांच्या वजनावर आमचं संशोधन चाललं होतं, आया आणि बाळं एकाच फाइलमध्ये नोंदलेली असायची आणि आकडेमोडीचं सॉफ्टवेअर माझ्याकडे होतं. काही गावांत एकच नाव दोनदा दिसलं, तेव्हा चुकून दुहेरी भरलंय असं समजून मी एका कमांडने अशा सगळ्या दुसऱ्या नोंदी पुसून टाकल्या. कमी वजनाच्या बाळांची यादी त्याच फाइलमधून निघायची आणि नर्स ती यादी घेऊनच घरोघर जायची. आठवड्याने त्या गावच्या नोंदी भरणाऱ्या आशाताईंचा फोन आला. "मॅडम, नर्सबाई आल्याच नाई. लेकरू दूध ओढून नाई राह्यलं." यादीत तुमच्या गावचं बाळच नाही, असं मी म्हटलं. "असं कसं? बारसं नाई झालं त्याचं, म्हून मी मायच्याच नावानं लिहिलं." मी पुसलेली दुसरी नोंद बाळाचीच होती. जीपने पोचलो तेव्हा अंगणभर मोहफुलं पसरलेली होती आणि घरातून रडण्याचा आवाज येत नव्हता. आशाताईंनी छातीशी धरलेल्या बाळाच्या इवल्याशा गालाला मी बोट लावलं. बऱ्याच वेळाने ओठ हलले. दवाखान्यापर्यंत एक हात त्याच्या नाकाशी धरून मी नोंदी पुसलेल्या बाकीच्या गावांना फोन लावत होते. ते वाचलं, बाकीच्या गावांतली बाळंही सुखरूप निघाली. आता फाइलमध्ये दोन सारखी नावं दिसली, की मी आधी त्या गावच्या आशाताईंना विचारते, "घरात कोणी नवीन आलंय का?"