पुलाच्या अलीकडे

माझी नणंद भित्री आहे. हे मी तिच्या तोंडावरही म्हणते, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही. गॅस बंद केला का हे बघायला ती अर्ध्या जिन्यावरून परत येते. फोन वाजला की आधी ती घरातली सगळी माणसं मोजते, मग तो उचलते. तिचा दादा, म्हणजे माझा नवरा, तिला लहानपणापासून सशी म्हणतो. सशी आमच्याजवळच राहते आणि दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवते. मेणात एकेक दात बसवायचा, साचा भरायचा, शिजवायचा आणि फोडताना कवळीला तडा जाईल म्हणून श्वास रोखून धरायचा. आमच्या भागातली निम्मी म्हातारी माणसं तिने केलेल्या दातांनी हसतात, आणि ही स्वतः हसताना तोंडावर हात धरते.

तिची चैन एकच, टीव्हीला जोडायचा एक जुना जपानी गेम. सासरे जहाजावर कामाला होते. त्यांनी जपानहून गेमचं यंत्र आणलं आणि सोबत एकच कॅसेट. ती नेमकी एका जादूच्या कादंबरीमालेवर बेतलेली निघाली. त्याच कादंबऱ्या ही भावंडं तेव्हा वाचनालयातून आणून एकमेकांच्या हातातून ओढून वाचत होती. गेममधलं बोलणं सगळं जपानी, दोघांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. पण गोष्ट पाठ होती. पडद्यावरच्या राजाने तोंड उघडलं की दादा त्याचं भाषण आपल्या मनाने ठोकून द्यायचा. गेममधल्या आपल्या टोळीत राजकन्या, वैद्यीण, चोर आणि ढाल घेतलेला एक म्हातारा. वैद्यीण म्हणजे सशी आणि म्हातारा म्हणजे दादा, हे पहिल्याच दिवशी ठरून गेलं.

पण कादंबरीत तो म्हातारा मरतो. किल्ल्याच्या पुलावर बाकीच्यांना पुढे धाडतो आणि शत्रूला अडवायला एकटा मागे राहतो. ते प्रकरण वाचून सशीला ताप भरला होता, असं सासूबाई सांगायच्या. त्यामुळे गेममध्ये दोघं पुलापाशी पोचली आणि तिथेच थांबली. थांबली ती थांबलीच. आमचं लग्न झालं, सासू-सासरे गेले, मुलगी शिकायला परगावी गेली, तरी टोळी आपली पुलाच्या अलीकडच्या गावात. रविवारी सशी बसायची, जंगलात राक्षस मारून टोळीची ताकद वाढवायची आणि झालेला खेळ कॅसेटमध्ये जमा करून उठायची. यंत्र बंद करायची एक रीत होती. आधी रीसेटचं बटण दाबून धरायचं, मगच पॉवर बंद करायची, नाहीतर कॅसेटमधला जमा केलेला खेळ पुसला जायची भीती. सशी ते बटण असं जीव तोडून दाबायची की मी म्हणायचे, अगं, ते कुठे पळून जात नाही.

मग नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. सर्जनने कागदावर चित्र काढून समजावलं की छाती उघडावी लागेल, हृदय थोडा वेळ थांबवावं लागेल. मी मान डोलावत राहिले, डोक्यात मात्र एक अक्षर शिरलं नाही. ऑपरेशन सोमवारी ठरलं, रविवारी रात्री भरती व्हायचं होतं. घरी आल्यावर नवरा सोफ्यावर टेकला आणि बहिणीला म्हणाला की या रविवारी आपण पूल ओलांडायचा.

 सशी बरं म्हणाली खरी, पण त्या दिवसापासून अर्ध्या ताटावरून उठायला लागली. दवाखान्यात तिच्या हातून कवळी तडकली, जे इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तिला घरी पाठवून दिलं.

शनिवारी दुपारी नवरा झोपला होता आणि मी हॉस्पिटलची बॅग भरत होते. बाहेरच्या खोलीतून खटखट ऐकू आली म्हणून गेले, तर सशी यंत्रासमोर बसलेली. पॉवर चालू, बंद, चालू, बंद. रीसेटला हात न लावता. मला बघूनही ती थांबली नाही.

"वहिनी, पुलावर तो मरतो," ती म्हणाली.

खेळ आहे गं तो, असं मी म्हटलं. मला तिचा हात धरता आला असता. पण मलाही तो पूल नको होता, वाटलं की जाऊ दे पुसून. अखेर पडद्यावर जमा खेळाची जागा रिकामी दिसली. मग सशीने रीसेट दाबून धरलं आणि रीतसर पॉवर बंद केली.

रविवारी नवरा छातीशी उशी धरून टीव्हीसमोर बसला. यंत्र सुरू केलं, तर सगळं रिकामं. खेळ जपणारी कॅसेटमधली बॅटरी जुनी झाली होती, गेली असेल, असं सशी जमिनीकडे बघत पुटपुटली. तिला खोटं बोलणं कधी जमलेलं नाही. तो चिडेल म्हणून मी पुढे झाले, पण तो चिडला नाही.

"सशे, मला फार भीती वाटतेय," तो म्हणाला. "डॉक्टरांसमोर हसतो नुसता. वाटलं, तू सोबत असताना एकदा तो पूल ओलांडून बघावा. गेममध्ये मरत नसेलही तो. आपण कधी बघितलंच नाही ना."

सशीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग, "मीच पुसलं, दादा," एवढं बोलली. माहीत आहे, असं म्हणून त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि खेळ पहिल्यापासून सुरू केला.

सुरुवातीला टोळीत दोघीच असतात, राजकन्या आणि वैद्यीण. म्हातारा बराच पुढे भेटतो. दिवसभर दोघं आळीपाळीने खेळली. दुपारच्या औषधाची वेळ झाली तेव्हा मी गोळ्या घेऊन आले, तर त्या दोघी अजून पहिल्याच गावाबाहेर होत्या, आणि कसलं तरी जनावर त्यांच्या अंगावर धावून येत होतं.

"त्याच्याशिवाय या दोघी टिकतात का रे?" मी विचारलं.

नवऱ्याने खेळ सशीच्या हातात दिला, आणि तिने वैद्यिणीला राजकन्येच्या पुढे उभं केलं.