डाव्या गालाचा दस्ता

मिस्त्रीकाका गेल्याचं मला फ्लेक्सवरून कळलं. बाबांनी त्याचा फोटो मोबाइलवर पाठवला होता. वर हात जोडलेले साखर कारखान्याचे चेअरमन अण्णा, जवळजवळ अर्धा फ्लेक्स भरून, आणि खाली कोपऱ्यात पासपोर्टएवढे काका.

बाबा त्याच कारखान्यात केमिस्ट आणि काका तिथले सुतार. मी नववीत होते तेव्हा दुष्काळ होता. ऊसच नव्हता, गाळप बंद होतं, शिरूरकडची ऊसतोडीची माणसं कोयते घेऊन दूरच्या फडांवर गेली होती. रिकाम्या गोदामात अण्णांनी नेमबाजीचं केंद्र काढलं. भिंतींना मळीचा आंबट वास तसाच होता. छर्ऱ्यांची चांगली रायफल एकच, आणि मी डावखुरी. नेमबाजी शिकवणारे सर म्हणाले, "हात बदल." मी इंग्रजी शाळेतली, कमी बोलणारी. मान डोलावली. दाराची कडी बसवायला आलेले काका तेवढ्यात म्हणाले, "हात कावून बदलायचा, सर? लाकूड बदलता येतंय की."

रायफलचा खांद्याला लावायचा लाकडी दस्ता उजव्यांसाठी घडवलेला असतो. गाल टेकायचा उंचवटा डाव्यांच्या बाजूला नसतोच. काकांनी लोखंडाला हात लावला नाही. वाळून गेलेल्या शिसवाचं लाकूड आणून नवा दस्ता घडवला. मग घरून कणकेचा गोळा आणला, दस्त्याच्या उजव्या अंगाला थापला आणि मला डोळे मिटून गाल टेकवायला लावला. "आता उघड. नेम दिसतोय?" "नाही." "मग कणीक लई झाली." तीन दिवस माझ्या गालाला कणकेचा वास होता. शेवटी त्या ठशाबरहुकूम त्यांनी लाकडी उंचवटा कोरून बसवला. विभागीय स्पर्धेसाठी माझी निवड झाली.

मग अण्णांच्या पुतण्याला तीच रायफल हवी झाली. तो उजवा. अण्णा गोदामात आले, कोपऱ्यात पिंक टाकली आणि वयाने मोठ्या काकांना म्हणाले, "मिस्तरी, हे डावं अवलक्षण काढून टाक बे. देवाला काय डाव्या हातानं फूल वाहतो का?" सगळे हसले. सर हसले. बाबाही हसले...

दुसऱ्या दिवशी गेले तर काका स्वतः कानशीने तो उंचवटा घासत होते. घामेजलेल्या हातांना भुसा चिकटला होता. "तुम्हीच?" एवढंच मी म्हणाले.

"जावई हितंच रोजावर हाय, पोरी. तू घरी जा."

मला त्या हातांची किळस आली. पुढे कॉलेजसाठी मी अंबाजोगाईला गेले, रायफल पुन्हा धरली नाही. सुट्टीत आले की गेटवरून ते विचारायचे, "बरी हायेस का, पोरी?" मी खाली बघत निघून जायचे. हे मी कितीतरी वर्षं केलं.

मागच्या महिन्यात त्याच गोदामात शोकसभा झाली. अण्णा म्हणाले, "डावखुऱ्या लेकीसाठी मिस्तरींनी बंदूक घडवली, कारखान्यानं पाठबळ दिलं." शोकसभेत टाळ्या पडल्या. मग माईक माझ्याकडे आला. मी उठले, "काका फार चांगले होते," म्हणाले आणि बसले. बाबांनी पाठीवर शाबासकीची थाप दिली. ती थाप अजून अंगावरून जात नाही. काकांनी निदान जावयासाठी ते लाकूड घासलं. मी खरं वाक्य कोणासाठी गिळलं?

सभा संपल्यावर फोटोग्राफर रायफल घेऊन आला. तिला हार घातलेला. "ताई, खांद्याला लावा. उजवीकडून, म्हणजे अण्णा फ्रेममधी येतेत."

मी हार काढला आणि रायफल डाव्या खांद्याला लावली. गालाला टेकू नव्हता. पॉलिशखालचे कानशीचे ओरखडे मात्र टोचत होते.

"उजवीकडून, ताई."

"नाही. इथला उंचवटा अण्णांनी घासायला लावला होता," मी म्हणाले. आवाज बारीक निघाला, पण निघाला. अण्णा शेजारीच होते.

फोटोग्राफरने त्यांच्याकडे बघितलं आणि कॅमेरा खाली घेतला. मी गाल उचलला नाही.