मान डोलावणाऱ्या बा

समोरचा बोलत असला की बा सारखी मान डोलवायच्या आणि ‘येस, येस’ म्हणायच्या. पटलं म्हणून नव्हे हो! ऐकतेय, बोला, एवढंच. आपण गोष्ट ऐकताना ‘हं, हं’ करतो ना, तसं. व्हिएतनाममध्ये आजीला ‘बा’ म्हणतात, म्हणून मीही त्यांना बाच म्हणायची.

अमेरिकेत सॅन होजेच्या एका लायब्ररीत मी दर मंगळवारी विनामोबदला इंग्रजी शिकवते. माझं स्वतःचं इंग्रजी टीव्हीसमोर भाजी निवडता निवडता आलेलं. मुलगा म्हणतो, “आई, यू आर टीचिंग? सीरियसली?” म्हणू दे बापडा. तर बा पंच्याहत्तरीच्या, इथे लेकाकडे राहणाऱ्या. त्यांना सिटिझनशिप हवी होती ती व्हिएतनाममधल्या ह्युए शहरात राहणाऱ्या मुलीसाठी. मुलगी लग्न झालेली, आणि लग्न झालेल्या मुलीसाठी इथला कायदा कडक. बा सिटिझन झाल्याशिवाय तिला बोलावण्याचा अर्जच भरता येत नव्हता.

सिटिझनशिपच्या पहिल्या मुलाखतीत ऑफिसरने विचारलं, “कधी तुरुंगात होतात?” बा अदबीने म्हणाल्या, “येस.” “सरकारशी कधी खोटं बोललात?” “येस.” झालं! इंग्रजी समजत नाही म्हणून नापास. आता एकच संधी उरली होती.

वर्गात बसून जमेना, म्हणून चालत चालत शिकवायचं ठरवलं. त्यांच्या लोकांची दुकानं आहेत त्या रस्त्याने आम्ही निघायचो आणि बा मोडक्या इंग्रजीत मला ह्युए दाखवायच्या. “टीचर, इथे नदी. हा पूल. पलीकडे बाजार, मागे गल्ली. तिथे माझी मुलगी नूडल्स विकते.” ह्युएत रस्ता ओलांडताना थांबायचं नाही, सावकाश चालत राहायचं, स्कूटरवाले बाजूने जातात, असं सांगत त्या चक्क लाल सिग्नलला रस्त्यात उतरल्या. ब्रेक कर्कश वाजला. मी दंड धरून मागे ओढलं. “बा, मरायचंय का?”

“येस,” म्हणाल्या आणि टोपी सारखी केली.

“अहो, नो म्हणा, नो!”

“मोठ्या साहेबाला तोंडावर नो? आईने असं नाही वाढवलं मला.”

मान मनातल्या मनात हलवायची आणि तोंड प्रश्न संपल्यावर उघडायचं, एवढं शिकवायला मला दोन महिने लागले.

एक गोष्ट मात्र मी लपवली होती. त्यांच्या लेकाने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, अर्ज भरला तरी बहिणीचा नंबर लागायला दहा-पंधरा वर्षं जातील. आईला सांगू नका, उमेद जाईल तिची. मी कबूल केलं.

दुसऱ्या मुलाखतीला मी आणि त्यांचा लेक बाहेर बसलो होतो. दार उघडलं. बा पास! मी मिठीच मारली. त्यांचा पहिला प्रश्न, “मुलगी कधी येणार?” मी लेकाकडे पाहिलं, त्याने मान खाली घातली. “लवकर,” माझ्या तोंडून गेलं.

“टीचर, किती वर्षं?”

सांगावंच लागलं. बा म्हणाल्या, “आधी सांगितलं असतंस, तर मी कधीच तिच्याकडे निघाले असते.”

पासपोर्ट हातात आल्यावर त्या स्वतःच मुलीकडे राहायला गेल्या. मी सांगून टाकलं म्हणून त्यांचा लेक माझ्याशी अजून बोलत नाही.

आता वर्गात नवीन कुणी आलं की मी आधी विचारते, कशासाठी शिकताय? आणि त्याला किती काळ लागेल तेही मला ठाऊक असेल तेवढं खरंखरं सांगते. काही जण पुढच्या मंगळवारी येत नाहीत.