सभेत वाचून दाखवलेला पासवर्ड

तुमच्या कार्यालयातला हिशेबाचा संगणक कोणाच्या नावानं उघडतो, आणि त्या नावाखाली लिहितं कोण कोण?

मुलचेऱ्याच्या पुढच्या एका गावात ग्रामसभा बांबू विकते. तिच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची सुरक्षा आखून द्यायला मला बोलावलं होतं. मी बल्लारपूरचा. आमच्या घरात पुस्तकं कमी, बाबांच्या कामगार संघटनेची पत्रकं जास्त. हिशेब लोकांसमोर उघडा ठेवा, हे अक्षरं जुळवायला लागल्यापासून वाचत आलो. म्हणून हे गाव मला आपलंच वाटलं.

सभेपासून काही लपवायचं नाही, हा तिथला रिवाज. त्यामुळे संगणकाचा पासवर्डसुद्धा सभेत मोठ्यानं वाचून दाखवला होता. खातं एकच, नोंदी करणाऱ्या ताईंच्या नावाचं. ते उघडून कोणीही लिहायचं. एके दिवशी बांबूच्या एका ट्रकची नोंद पुसली गेली. संगणक ताईंचं नाव सांगत होता, आणि गावाचा त्याच्यावर विश्वास होता.

मी योजना मांडली. हिशेब सगळ्यांनी पाहावा. नोंदी बदलणाऱ्या प्रत्येकाचं खातं वेगळं, पासवर्ड त्याचा त्यालाच ठाऊक. हिशेबाची रोजची प्रत कार्यालयात नको, दुसऱ्या घरी ठेवा.

"काऊन जी भाऊ, गावापासून लपवाचं शिकवून राह्यला का?" एका म्हाताऱ्या सभासदानं विचारलं.

"बल्लारपूरहून कुलूप घेऊन आला!" मागून कोणीतरी बोललं. सभा हसली.

माझं डोकं तापलं. "तुम्ही सगळे एका बाईच्या नावाआड लिहिता. हे लपवणं नाही?"

हसू थांबलं. "मालकावाणी बोलते हा," तोच म्हातारा हळूच म्हणाला. मालक हा शब्द मी जन्मभर दुसऱ्यांवर फेकला होता.

ताई उठल्या. "नाव माह्यं होतं. हात कोणाचा होता, मले नाई मालूम. ज्यानं पुसलं त्यानं सांगा, नाईतं मी उद्यापासून येत नाई."

कोणी पुढं आलं नाही. प्रत दुसऱ्या घरी ठेवायचं ठरलं. वेगळ्या खात्यांचं पुढच्या सभेत पाहू म्हणाले. ताईंनी कार्यालयाची किल्ली सतरंजीवर ठेवली आणि त्या गेल्या.

जेवायला बसलो तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंना कोणी बसलं नाही. वाढणाऱ्यानं एकदाच भात वाढला आणि तो पुढं गेला. परतताना सागाच्या रानात गाडी थांबवून फोन काढला, पण लावायचा कोणाला? बाबांनीही हेच विचारलं असतं, लोकांपासून लपवायला शिकवतोस का?

ताई आता दुसऱ्यांच्या धानात कापणीला जातात. ती पुसलेली नोंद अजून त्यांच्याच नावावर आहे.

म्हणून तुमच्याकडं एवढंच मागतो. आज कार्यालयात गेलात की प्रत्येकाचं खातं वेगळं करा. आणि दुसऱ्याच्या नावानं तुम्ही कधी काही लिहिलं किंवा पुसलं असेल, तर चार लोकांसमोर सांगा, तो हात माझा होता.