बुटांच्या रॅकवरचं जेवण

माझं आठवडाभराचं जेवण बाल्कनीत होतं. बुटांच्या रॅकवर.

लॅबमधून आले, फ्रीझर उघडला. माझा खण पुसून लख्ख केलेला. त्यात पुण्याहून आलेल्या पुरणपोळ्या.

"केतकी, माझे डबे?"

केतकी आणि तिचा नवरा निहार या घराचे मुख्य भाडेकरू. मागच्या खोलीत मी, पोटभाडेकरू. सकाळीच तिच्या सासूबाई आल्या होत्या.

"अगं, बाहेर ठेवलेत. आईंना नाही चालणार ना. आणि बाहेर थंडीच आहे की! फुकटचा फ्रीझर." ती हसली.

मार्च होता. दिवसभर ऊन पडलेलं. झाकणं फुगली होती, वास सुटला होता.

डब्यांत आउफलाउफ होता. थर लावून ओव्हनमध्ये भाजायचा इथला, जर्मनीतला प्रकार. बीफचा खिमा, मसूर, गाजर, पालक, वर बटाट्याच्या चकत्या. तेल नावाला. रविवारी मोठा ट्रे करायचा, निववायचा, तुकडे पाडून गोठवायचे. कामाच्या दिवशी घरी आल्यावर उभं राहायचं त्राण नसतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रक्त फार कमी आहे, नीट खा. मी नीट खात होते. एवढाच गुन्हा.

आई फोनवर म्हणाली होती, "म्हणजे आपल्या चान्याच की गं! आम्ही मांसाच्या पट्ट्या दोरीवर वाळवायचो, तू बर्फात घालतेस."

सोफ्यावरून सासूबाई बोलल्या, "वाईट नको वाटून घेऊस हो. तुमच्यात चालतं, आडनावावरूनच कळलं मला. पण मी आहे तोवर बाहेरच ठेव."

तुमच्यात. बाहेर. माझ्या आईनं हे शाळेत ऐकलं, ओंजळीत वरून पडणारं पाणी पिताना. मी इंगोलश्टाटला येताना हे शब्द आणले नव्हते. ते यांनी आणले. पुरणपोळ्यांच्या बॅगेतून.

निहार मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला. हा ऑफिसच्या कँटीनमध्ये बीफबर्गर खातो. मी बघितलंय. त्यानं खाल्लं की एक्स्पोजर. मी खाल्लं की जात.

"निहार, तू बोल ना काहीतरी."

"आल्झो... म्हणजे, थोडं अ‍ॅडजस्ट कर ना यार. आईच आहे."

अ‍ॅडजस्टच करत आले होते. सरकारदरबारी माझा पत्ता याच घराचा. त्या पत्त्यावर व्हिसा वाढवायचा होता. या शहरात दुसरी खोली मिळता मिळत नाही. म्हणून माझी भांडी वेगळी, गप्प. माझा स्पंज वेगळा, गप्प.

डबे ओल्या कचऱ्यात उपडे केले. बाल्कनीतच रडले, तिघांकडे पाठ करून. चक्कर येत होती. मग कोट चढवला आणि दुकान बंद व्हायच्या आत खिमा घेऊन आले.

कांदा परतला. खिमा टाकला. वास घरभर गेला. सासूबाईंनी नाकाला पदर लावला.

"अगं आत्ता? आई बसल्यात इथे!" केतकी ओरडली. "महिनाअखेरीला खोली सोड तू."

"सोडते. तोवर तो खण माझा."

ट्रे निवेपर्यंत ओट्यापाशी उभी राहिले. कोणी हात लावू नये म्हणून. मग पुरणपोळ्या त्यांच्या खणात सरकवल्या आणि माझे डबे आत लावले.

कुठे जाणार, माहीत नाही. पत्ता जाईल. कदाचित व्हिसाही. पण पुढच्या दारात उभी राहीन तेव्हा आधी आडनाव सांगेन, मग काय शिजवते ते सांगेन, आणि त्यानंतर खोली बघेन. माझा डबा आता बुटांशेजारी जाणार नाही.