अकरा खड्ड्यांतली माती

“म्हणजे आख्ख्या घराले माहीत होतं. मलेच नव्हतं,” ज्योत्स्ना म्हणाली. ती कणीक मळत होती आणि नवऱ्याकडे पाहत नव्हती.

“आख्ख्या घरात माणसं किती? दोन,” धम्मदीप म्हणाला. “अन् सांगण्यासारखं होतं काय त्यात? ट्रॉलीभर माती आणली, झाडाले टाकली. माळीण झाडाले माती नाई टाकणार तं काय गहू टाकीन?”

“मग तुमची माय आठ दिवसापासून जेवून काहून नाई राहिली?”

मैना दाराशी तरोट्याची भाजी निवडत बसली होती. सून आपल्याबद्दल बोलते आहे हे कळूनही तिने मान वर केली नाही. काल रात्रीच तिने दोघांसमोर सगळं ओकून टाकलं होतं. सकाळी चहाबरोबर भांडण सुरू झालं ते आता दहा वाजले तरी मिटेना. धम्मदीपची नांदगाव पेठेच्या कापड कंपनीची गाडी केव्हाच निघून गेली होती.

“माय, तू तोंड उघडू नको,” धम्मदीप तिच्याकडे वळून म्हणाला. “लोकायचा अर्ज जाईन, ऑफिसवाले खड्डे सिमेंटनं बुजवतीन, विषय संपन. तुह्या पक्क्या नोकरीचा कागद वर गेला हाय. अन् ते माती पसरवाले मी बी होतो, हे इसरू नको.”

“नाई इसरलो,” मैना म्हणाली.

दर्यापूरजवळच्या खेड्यातून ती लग्न होऊन अमरावतीला आली, त्याला तीस वर्षं झाली होती. नवरा बारा वर्षांमागे गेला. चार घरची धुणीभांडी करता करता तिला कंत्राटदाराकडे माळीकाम लागलं. दोन वर्षांपूर्वी वस्तीतला रस्ता नवा झाला आणि त्याच्या कडेने बारा खड्डे घेतले. खाटेएवढे लांब, गुडघ्याएवढे खोल. ही सगळी आखणी महापालिकेतल्या इंजिनियर मंजुषा मॅडमची. अकोल्याची पोरगी, नोकरीला लागून दोन वर्षंही झाली नव्हती. खड्ड्यात तळाला गिट्टी, वर वाळू, त्यावर वाळूत कालवलेलं थोडं खत, आणि त्यात कर्दळ, वाळा असली पाण्याला न भिणारी झाडं. रस्त्याचं पाणी काठाच्या खाचेतून आत शिरायचं आणि तिथेच जिरायचं. मॅडमने एक बादली पाणी ओतून सगळ्यांना दाखवलं होतं. बोलता बोलता पाणी गायब. “मैनाताई, झाड जगलं नाई तं दुसरं लावू,” ती म्हणाली होती, “पण पाणी खाली गेलंच पाह्यजे.”

आणि पहिल्या पावसाळ्यात ते गेलं. खालच्या गल्लीत दरवर्षी घोटाभर पाणी घुसायचं, ते त्या वर्षी घुसलं नाही. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या रुख्मिणीने पिठाचा डबा फळीवर चढवला नाही. तिचा नवरा नत्थुजी लकव्याने अंथरुणाला खिळलेला. त्याचा पलंग ती पावसाळ्यात चार-चार विटांवर उचलून ठेवायची. त्या विटा तिने काढून तुळशीभोवती लावल्या. नत्थुजी दोनदा पलंगावरून पडला, तेव्हा तिने गादीच खाली घातली. “आता कायचं भेव,” ती मैनाला म्हणाली होती, “तुहे खड्डे हायेत नं.”

यंदाच्या उन्हाळ्यात झाडं करपली. झाड मेलं की सुपरवायझर हजेरी कापायचा आणि वर ऐकवायचा, की बाई फुकट पगार खाते. मैना खड्ड्यापाशी बसून वाळू हातात घ्यायची आणि सोडून द्यायची. दर्यापूरकडच्या माणसाला वाळूत झाड लावणं म्हणजे पोराला उपाशी निजवणं. तिचा बाप दोन एकर काळ्या रानाचा धनी झाला तेव्हा त्याने ढेकूळ उचलून कपाळाला लावलं होतं. माती म्हणजे काळी, बाकी सगळा कचरा, हे ती चालायला लागायच्या आधीपासून ऐकत आली होती. तिने भावाला, देवमनला फोन केला. रविवारी सकाळी ट्रॉली आली. मायलेकांनी वाळू उपसून कडेला टाकली, खड्डे मातीने भरले आणि वर पुन्हा गिट्टीचा थर अंथरला, कारण गिट्टी दिसली पाहिजे असं मॅडमचं सांगणं होतं. अकरा खड्डे भरले. पानठेल्याजवळच्या बाराव्याला माती पुरली नाही.

झाडं तरारली. सुपरवायझरने तिचा फोटो काढून वर पाठवला. मे महिन्यात मातीला हातभर भेगा पडल्या होत्या, त्यामुळे मृगाच्या दोन-चार सरी त्या भेगांतून गटागट आत गेल्या. मैनाला वाटलं, वाळूपेक्षा बरं पितात. पण काळी माती ओली झाली की फुगते आणि भेगा मिटवून घेते, हे तिच्या बापाच्या शेतात तिने जन्मभर पाहिलं होतं. शेतात पाणी साचलं तर माणूस बांध फोडतो. इथे फोडायला बांध नव्हता.

आठ दिवसांमागे दुपारी बारा वाजता आभाळ फाटलं. रुख्मिणी मेसवर पोळ्या लाटायला गेली होती. एरवी मैना दुपारी नत्थुजीकडे एक चक्कर टाकायची. त्या दिवशी ती पावसात उभी राहून खड्ड्यांच्या खाचांमधलं प्लास्टिक काढत होती. पाणी आत जावं म्हणून. पाणी आत जात होतं, काठोकाठ भरत होतं आणि परत रस्त्यावर येत होतं. आता जिरेल, मग जिरेल, म्हणत ती तासभर तिथेच राहिली. गल्लीत गेली तेव्हा नत्थुजीच्या घरात मांडीएवढं पाणी होतं आणि गादी दाराशी येऊन अडकली होती. नत्थुजीचा जीव गेला होता.

चार दिवसांनी तिने प्रत्येक खड्ड्यात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घातली. अकरांत पाणी तसंच उभं होतं, सब्बल चिकट काळी होऊन वर आली. बाराव्यातली कर्दळ मरतुकडी होती. पण तिथे पाण्याचा थेंब नव्हता.

“मैना, हायेस का वो?”

रुख्मिणी दारात उभी होती. धम्मदीप बोलता बोलता थांबला. ज्योत्स्नाने पिठाचे हात पदराला पुसून तिला खुर्ची दिली, पण ती मैनाशेजारी जमिनीवरच बसली. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला अर्ज होता. खाली पंधरा-वीस सह्या होत्या आणि सगळ्यांत वर तिचा अंगठा.

“तुही सही राह्यली,” ती म्हणाली. “सारे म्हणतात, माळीण बाईची पाह्यजेच. खड्डे बुजवा म्हणून लिवलं हाय. अन् त्या पोट्टीले कामावरून काढा म्हणून. नोटीस तं आली म्हणे तिले. वाच बरं तू, मले काय समजते.”

मैनाने वाचलं. मनातल्या मनात वाचलं, मोठ्याने नाही.

रुख्मिणीने परातीतल्या तरोट्याच्या दोन काड्या उचलल्या आणि सवयीने निवडायला लागली. “तू मनाले लावून घेऊ नको, बाई. दिसून राह्यलं मले. अर्धी झाली तू. तुह्या झाडायचा काय दोष? तू तं पावसात उभी होती मरमर. दोष त्या शिकेल पोरीचा. खड्ड्याच्या भरवशावर ठेवलं आमाले.” मग ती म्हणाली, “मी बी विटा काढाले नव्हत्या पाह्यजे. रोज तेच आठवते. विटा म्याच काढल्या.”

धम्मदीप आईकडे पाहून हळूच ‘नको’ अशी मान हलवत होता.

“रुख्मिणी,” मैना म्हणाली, “अर्ज राहू दे माह्यापाशी. तू घरी जा. मी येतो मांगून.”

रुख्मिणी गेली. काड्या तिने व्यवस्थित परातीत ठेवल्या होत्या.

“बरं केलं,” धम्मदीप म्हणाला. “आता सही कर अन् पाठवून दे.”

मैनाने परात सरकवली, उठून पाय धुतले आणि खुंटीवरचा फडका खांद्यावर टाकला. कोपऱ्यातली सब्बल उचलली.

“मी रुख्मिणीकडे चाललो,” ती म्हणाली. “माती माह्यी होती हे तिले पहिले सांगतो. तिले बाराव्या खड्ड्यापाशी नेतो, दाखवतो. मंग ऑफिसात जाऊन मॅडमच्या साहेबाले लिहून देतो. तुहं नाव नाई घेणार. ज्योत्स्ना, भाजी तू टाक. माह्या पोळ्या करू नको.”

ज्योत्स्नाने सासूसाठी कणकेचा एक गोळा तोडून बाजूला झाकून ठेवला.